हरकत असल्यास पंधरा दिवसांत

आमचे नांदेडचे घरमालक पत्ता सांगताना गल्ली किंवा घर क्रमांक सांगत नसत. ते चतुःसीमा सांगत. "पूर्वेस मेडिकलची भिंत, पश्चिमेस महापालिकेची नाली, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस एक गृहस्थ, ज्यांच्याशी आमचं बोलणं नाही. या चौघांच्या मधात जे उरतं ते आमचं घर." पार्सलवाला कोपऱ्यावरून फोन करायचा, "काका, डावीकडं वळू का उजवीकडं?" ते शांतपणे म्हणायचे, "तुमचं तोंड कुणीकडं आहे त्यावर माझं घर ठरत नसतं. उत्तरेला या." पार्सल बहुधा परत जायचं. ज्याला उत्तर दिशा कळत नाही त्यानं आणलेल्या वस्तूचा भरवसा काय, असा त्यांचा उलटा सवाल असे.

सगळे त्यांना साहेब म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. भूमी अभिलेख खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं लोकांची रानं मोजली. बिलोली, हिमायतनगर, पुन्हा बिलोली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मोजणी सुटली नव्हती. खिशात कायम पोलादी टेप. लग्नाच्या पंगतीत दोन ताटांमधलं अंतर सारखं नसलं की ते वाढप्याला बोलावून घेत. जिन्यातली माझी चप्पल त्यांच्या पायरीवर चार बोटं आली, तर दुसऱ्या दिवशी चपलेखाली चिठ्ठी सापडे : 'अतिक्रमण. आठ दिवसांत काढावे.' मी आठव्या दिवशी काढायचो. सरकारी मुदतीचा मानही राखला जायचा आणि माझा आळसही.

मी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. बायको आणि मुलगी लातूरला, कारण मुलीचे क्लास तिथं. डाळ आणि डॉक्टर दोन्ही लातुरातच तयार होतात अशी आमच्याकडं समजूत आहे. शनिवारी मी एसटीनं लातूरला जायचो आणि सोमवारी पहाटे परत. म्हणजे दोन्ही गावांत मी पाहुणाच. पाहुण्यानं फार खरं बोलायचं नसतं. ही सवय मला तिथूनच लागली असं म्हणायला मला आवडतं. खरी ती त्याआधीचीच असणार.

एका शनिवारी माझी एसटी चुकली आणि मी नांदेडलाच राहिलो. तेव्हा साहेब वर आले.

"मास्तर, मला लिहायचंय. जिथं जिथं मोजणी केली तिथलं सगळं. जगाला दिसलं पाहिजे, पण राहिलं पाहिजे माझ्या घरात."

मी म्हणालो, "साहेब, फुकट ब्लॉग मिळतो. दोन मिनिटांत खातं उघडून देतो."

"मग ते लिखाण राहील कुठं?"

"क्लाऊडवर. म्हणजे कंपनीच्या मशीनवर. परदेशात कुठंतरी."

"त्या मशीनचा सातबारा कुणाच्या नावावर?"

"कंपनीच्याच."

"म्हणजे त्यांच्या रानात मी झोपडं टाकायचं. उद्या त्यांनी उठ म्हटलं की उठायचं. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची अतिक्रमणं मोजली, मास्तर. आता म्हातारपणी स्वतः करू?"

इथं मी गप्प बसलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी म्हणालो, "घरच्या घरीही करता येतं. दोन दिवसांचं काम आहे."

हे वाक्य हा माझा जुना आजार आहे. मी आयुष्यात ज्या ज्या कामाला दोन दिवसांचं म्हटलं, त्यातलं एकही अजून पूर्ण झालेलं नाही.

लातूरच्या घरी माझा एक जुना कॉम्प्युटर पडून होता. तो पोत्यात गुंडाळून एसटीनं आणला. कंडक्टरनं "यात जिवंत काही न्हाई ना?" एवढंच विचारलं. साहेबांच्या पत्नीच्या, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकूंच्या, शिलाई मशीनवर त्याची स्थापना झाली. मी साहेबांना समजावलं की ब्लॉगला दोन अंगं असतात. वाचकाला दिसतं ते पुढचं. लिखाण साठवणारं, कुणी काय लिहिलं, कधी लिहिलं याची नोंद ठेवणारं ते मागचं. साहेबांना हे एका वाक्यात कळलं. माझ्या विद्यार्थ्यांना वर्षभरात कळत नाही.

"पुढचं म्हणजे नकाशा, मागचं म्हणजे दप्तर. नकाशा कुणीही काढतं, मास्तर. खरं ते दप्तरात."

मग त्यांच्या मागण्या सुरू झाल्या. लेखाखाली 'आवडलं' दाखवायचं बटण मी मोठ्या हौसेनं केलं होतं. ते त्यांनी काढायला लावलं. "आवडलं म्हणजे काय? हरकत आहे का नाही, एवढं सांगा म्हणावं." त्यामुळं वाचकांच्या प्रतिक्रियांचा रकाना 'हरकती' या नावानं झाला. प्रत्येक लेखाखाली एक ओळ आपोआप यायची : 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत नोंदवावी.' पंधरा दिवस कोरडे गेले की लेखावर 'अंतिम' असा शिक्का उमटायचा. खात्यात असंच चालतं. शेजारच्या शेतकऱ्यांना नोटीस गेली, मुदतीत कुणी बोललं नाही, तर मोजणी सगळ्यांना मान्य. हरकती लेखी आणि दोनशे अक्षरांत. दोनशे हा आकडा माझा. का निवडला ते आठवत नाही. आळसाला कारण लागत नसतं.

शिवाय ब्लॉगला सुट्ट्या होत्या. रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी साहेब स्वतः मशीन बंद करायचे. मी म्हणालो, "साहेब, वेबसाइट चोवीस तास चालू ठेवायची असते."

"कुणी सांगितलं? वाचकाला एवढी घाई असेल तर सोमवारी ये म्हणावं."

काकूंना या सगळ्याचा एकच फायदा दिसला. मशीनची पाठ कायम कोमट राहायची. थंडीत त्या विरजणाचं भांडं त्यावर ठेवायच्या. "दही लई घट्ट लागायलंय," त्या मला सांगायच्या. "यांचं लिहिणं कुणी वाचो न वाचो, डबड्याचा काहीतरी उपयोग हाय."

आता माझं पाप.

घरात मशीन चालवणं सोपं. ते बाहेरच्या जगाला दिसायला लावणं अवघड. त्यासाठी घराच्या इंटरनेटला बाहेरून सापडेल असा स्वतंत्र पत्ता लागतो. आमच्या गल्लीतला इंटरनेटवाला सगळ्या गल्लीला मिळून एकच पत्ता वापरायचा. बाहेरून आलेल्याला आमच्या दारापर्यंत येण्याची वाटच नव्हती. मी तीन संध्याकाळी खटपट केली. इंटरनेटवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "सर, वरून मिळत न्हाई." आणि मी, कॉम्प्युटरचा शिक्षक, त्यावर विश्वास ठेवून मोकळा झालो.

साहेबांना मात्र हे सांगितलं नाही. मी त्यांना घरातल्या घरात चालणारा आकड्यांचा पत्ता दिला. चार आकडे, मधे टिंबं. साहेब खूश. "हा खरा पत्ता. सर्व्हे नंबरसारखा." असाच आकडा देशातल्या असंख्य घरांत असतो आणि ज्या त्या घराच्या भिंतीबाहेर त्याला कुणी ओळखत नाही, हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू दुरुस्त. दोन दिवसांचं काम.

असे सात महिने गेले.

साहेब रोज सकाळी लिहायचे. प्रत्येक लेखाची सुरुवात चतुःसीमेनं. मजकूर सुरेख असायचा, हे कुणीतरी सांगायला हवं, आणि वाचणारा बाहेरचा मी एकटाच होतो. दोन सख्खे भाऊ एकाच बांधावर पाठ करून जेवायला बसत, त्यांचा लेख. मोजणीच्या दिवशी हद्दीचा दगड पदराखाली झाकून बसलेल्या एका म्हातारीचा लेख. मी वाचकांची संख्या दाखवणारा एक आकडा कोपऱ्यात ठेवला होता. साहेब मला जिन्यात अडवून सांगत, "काल सतरा वाचक." त्यातले सोळा ते स्वतः असत, किती वाचक झाले ते बघायला उघडणारे. सतरावं उघडणं काकूंचं, दह्याचं भांडं उचलताना चुकून माउसला हात लागून.

काकूंची बहीण हिमायतनगरला. तिला पत्ता पाठवला, उघडेना. काकूंनी मला विचारलं. मी म्हणालो, "त्यांचा फोन जुना असेल." तिनं फोन दुरुस्त करून आणला. तरी उघडेना. मी म्हणालो, "फारच जुना असेल." त्या बाईनं नवा फोन घेतला. माझ्या एका खोटेपणापायी हिमायतनगरात एक नवा फोन विकला गेला. तालुक्याच्या व्यापारात माझं एवढंच योगदान.

मग साहेबांनी चिंचेचा लेख लिहिला.

तो मी उभ्यानं वाचला आणि मग बसलो. तीसेक वर्षांपूर्वी बिलोली तालुक्यातल्या एका गावात त्यांनी एक मोजणी केली होती. अर्जदार गावातला वजनदार माणूस. लगतचा शेतकरी साधा, बौद्धवाड्यातला. दिवस कलला होता. अर्जदाराच्या घरी जेवणाची ताटं मांडली होती. शेवटचा तुकडा काटेरी झुडपांतून जात होता. मोजणीची साखळी पुरती ओढायला माणसं नाखूश. साहेबांनी तो तुकडा मोजला नाही. नजरेनं ठरवला आणि नकाशावर रेघ मारली. दीड-दोन हातांचा पट्टा अर्जदाराच्या बाजूला गेला आणि त्या पट्ट्यावर एक चिंचेचं झाड होतं. 'लाच घेतली नाही,' साहेबांनी लिहिलं होतं. 'भूक लागली होती. लाच घेतली असती तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं.' शेवटी : 'त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, म्हणून मीही बोललो नाही. आता जाहीर करीत आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत नोंदवावी.'

ते पंधरा दिवस साहेब फारसे जेवले नाहीत. जिन्यात भेटले की विचारायचे, "आली का काही?" मी म्हणायचो, "नाही, साहेब." हे वाक्य खरं होतं. त्या दिवसांत मी बोललेलं बहुधा तेवढंच खरं.

सोळाव्या दिवशी लेखावर 'अंतिम' उमटलं. साहेबांनी गल्लीत पेढे वाटले. बोलणं नसलेल्या उत्तरेच्या गृहस्थांकडंसुद्धा पाठवले. लोक विचारायचे, "कशाचे पेढे?" साहेब म्हणायचे, "बिनहरकत." लोकांना वाटलं, बांधकामाची परवानगी मिळाली.

त्याच आठवड्यात काकू कपडे वाळत घालायला गच्चीवर आल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या त्या डबड्याला मी लई नावं ठेवली. आता न्हाई ठेवायची. यांना झोप लागायली. गाढ. बिलोली सोडल्यापासून मी यांना असं झोपलेलं बघितलं न्हाई."

आता सांगा, मी काय सांगणार होतो? तोवर मी आळसानं गप्प होतो. त्या दिवसापासून मी त्याला दया म्हणू लागलो. नाव बदललं की फार बरं वाटतं.

दया फार दिवस टिकली नाही. काकूंची बहीण हिमायतनगरहून राहायला आली, नवा फोन घेऊन. घरात शिरल्यावर तिचा फोन घरच्या वायफायला जोडला आणि ब्लॉग झटकन उघडला. सगळे खूश. ती वाचत वाचत फाटकाबाहेर गेली आणि ब्लॉग मिटला. आत आली, उघडला. बाहेर गेली, मिटला. साहेबांचा स्वतःचा फोन कधी घराबाहेर जात नसे. फोन घरचा आहे, तो घरात राहील, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सात महिने त्यांना हे दिसलं नव्हतं. आता दिसलं. दुसऱ्या कुणी मला हाक मारली असती. साहेबांनी टेप काढला.

संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तेव्हा ते जिन्यात उभे होते. हातात आखलेला कागद. "मास्तर, ब्लॉगची मोजणी केली."

कागदावर घराचा नकाशा होता, प्रमाणात, उत्तर दिशेच्या बाणासह. सभोवती लाल शाईची हद्द.

"पूर्वेस मेडिकलच्या शटरपर्यंत चालतो. पश्चिमेस नाली ओलांडत नाही. दक्षिणेस फाटकाबाहेर नऊ फुटांवर मिटतो. उत्तरेस त्या गृहस्थांच्या स्वयंपाकघरापर्यंत जातो, हे मला पसंत नाही, पण जातो. या चतुःसीमेबाहेर माझा ब्लॉग नाही. बरोबर?"

मी नकाशा बघत राहिलो. आयुष्यात इतकं बिनचूक मला कुणीच पकडलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

दार उघडं होतं. फक्त 'होतं' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नाही, साहेब. आत्ताच कळतंय. तांत्रिक अडचण दिसते."

साहेबांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग कागदाची घडी केली. "म्हणजे नोटीस बजावलीच गेली नाही. नोटीस नाही तर मुदतही सुरू झाली नाही. 'अंतिम' खोडून टाका."

मी वर जाऊन तो शिक्का काढला. तेवढं काम मात्र खरोखर दोन मिनिटांचं निघालं. त्या दिवसापासून साहेबांची झोप पुन्हा गेली. आता ते रात्री ओसरीवर फेऱ्या मारत. मला वर त्यांची पावलं मोजता येत.

आठवड्यानं ते म्हणाले, "नोटीस हातानं बजावायची. बिलोलीला चला. पंच म्हणून."

एसटीत त्यांनी खिडकी घेतली. छापलेला लेख आणि मोठं रजिस्टर मांडीवर. नायगाव मागं पडल्यावर ते बाहेर बघतच म्हणाले, "मास्तर, एक सांगतो. मलाही ठाऊक होतं, तिथं कुणी ब्लॉग वाचत नसतं. म्हणूनच तिथं लिहिलं. गावात जाऊन सांगायची हिंमत असती तर मशीन कशाला लागलं असतं?"

त्यांनी मला आपलं दप्तर उघडून दाखवलं होतं. माझं उघडायला याहून चांगली वेळ नव्हती. मी म्हणालो, "साहेब, शेंगदाणे घेता का?"

तो लगतचा शेतकरी केव्हाच गेला होता. त्याचा मुलगा होता, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला. सगळे त्याला गुरुजी म्हणत. पांढरा सदरा, खिशाला लाल पेन. दारातच त्यानं ओळखलं.

"जयभीम, साहेब. या. टोपीवरून वळखलं. तवाही हीच होती."

"टोपी दुसरी आहे," साहेब म्हणाले.

"आसंल. चिंच तीच हाय."

साहेब बसले नाहीत. उभ्यानंच कागद पुढं केला. "ही नोटीस. तुमच्यावर बजावायला आलोय."

गुरुजींनी चष्मा लावला. "तीस वर्षांनी बजावणी. खात्याच्या मानानं लवकरच म्हणायची." मग लाल पेन काढून लेख तपासू लागले. दुसऱ्या ओळीतली वेलांटी सुधारली. 'बाभळी' खोडून 'बोरी' केलं. "बाभळ नव्हती तिथं. बोरीचे काटे होते. तुमच्या शिपायाच्या धोतराला लागले होते." साहेब मान हलवत होते, वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखे.

शेवटच्या परिच्छेदाशी पेन थांबलं.

"साहेब, माझी हरकत हाय."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. सात महिन्यांत पहिली हरकत. त्यांनी लगबगीनं रजिस्टर उघडलं. "बोला."

"तुम्ही लिवलंय, त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. माझा बाप बोलला होता. बांधावर उभं राहून म्हणला होता, 'साहेब, साखळी पुरी ताना.' तुम्ही म्हणलात, 'तोंडी हरकत चालत नाही, लेखी द्या.' माझ्या बापाला लिहिता येत नव्हतं. मी कागद आणायला घराकडं पळालो. परत येस्तोवर तुमची जीप गेली होती."

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण चालत नव्हतं.

"पुढं दाद मागितली नाही का?" मी विचारलं. पंचानं काहीतरी विचारावं म्हणून.

"बापच न्हाई म्हणला. म्हणला, साहेब लोकांनी मोजलंय म्हंजे मोजलंच आसंल." गुरुजी हसले, पण ते माझ्यासाठी नव्हतं. "चिंचेचं सोडा. त्या अर्जदाराच्या घरातून दर साली दोन पायल्या चिंचा येतात आमच्याकडं. आता नातू आणून देतो. कामून द्यायच्या ते त्याला ठावं न्हाई. आज्यानं सांगून ठेवलंय म्हणतो."

साहेबांनी ते वाक्य रजिस्टरमध्ये लिहिलं. 'साहेब, साखळी पुरी ताना.' सावकाश, एकेक अक्षर. खाली लिहिलं, 'हरकत मान्य.' मग सही केली आणि रजिस्टर गुरुजींपुढं धरलं.

"मान्य करून आता काय करता?" गुरुजींनी विचारलं.

"नकाशा बदलायचा अधिकार मला आता नाही. दप्तर बदलू शकतो."

गुरुजींनी थोडा विचार केला. मग लाल पेनानंच सही केली. आतून चहा आला. गुरुजी म्हणाले, "बसा की आता. तवा जेवायला तिकडं गेलात. चहा तरी इकडं घ्या." साहेब बसले.

नांदेडला परतल्यावर ब्लॉग जगासाठी उघडायचं ठरलं. मी पुन्हा 'वरून मिळत नाही' म्हणालो. साहेबांनी वहीचा कागद फाडला आणि इंटरनेटवाल्याला एक अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, सोबत घराच्या चतुःसीमेचा नकाशा. चार दिवसांत स्वतंत्र पत्ता मिळाला. जे कॉम्प्युटरच्या मास्तराला सात महिन्यांत जमलं नाही, ते एका अर्जानं झालं. लेखी मागितलंच नव्हतं, एवढंच कारण होतं.

त्यानंतर मला लातूरला नोकरी मिळाली आणि मी खोली सोडली. निरोप देताना काकूंनी दह्याचा डबा दिला. साहेबांनी माझं सामान उचलल्यावर खोली मोजली आणि म्हणाले, "जेवढी दिली होती तेवढीच परत मिळाली." त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

आता मी लातुरातून रोज सकाळी त्यांचा ब्लॉग उघडतो, सुट्ट्या सोडून. वाचकांचा आकडा अजून लहानच आहे, पण त्यात एक बिलोलीचा असतो आणि तो वेलांट्या सुधारतो. दोन आठवड्यांपूर्वी साहेबांनी तिथं एक शुद्धिपत्रक टाकलं. तीन कलमं. पहिलं : चिंचेच्या मोजणीत लगतधारकानं जागेवर हरकत घेतली होती, ती शब्दशः अशी. दुसरं : यापुढं या ठिकाणी तोंडी हरकतही नोंदवून घेतली जाईल. तिसरं : 'तांत्रिक अडचणीमुळे येथील सर्व लेख सात महिने केवळ घरातच प्रसिद्ध होते. त्यात कोणाचाही दोष नाही. हरकत असल्यास पंधरा दिवसांत नोंदवावी.'

तिसरं कलम मी इतक्यांदा वाचलं आहे की आजकाल वाचकांचा आकडा फुगवणारा मीच असणार. त्या जिन्यात साहेब माझ्याकडं बराच वेळ बघत होते, ते मला आठवतं. ज्यानं ब्लॉगची हद्द फुटात मोजली, त्याला माझी मोजता आली नसेल असं वाटत नाही. त्यांनी ती दप्तरात घेतली नाही, एवढंच.

आज चौदावा दिवस. मी हरकतीच्या रकान्यात लिहायला बसलो आणि मजकूर दोनशे अक्षरांबाहेर गेला. वर लिहिलेलं हे सगळं त्या जास्तीच्या अक्षरांचं आहे. शेवटी त्यातलं छाटून छाटून दोन वाक्यं ठेवली : 'अडचण तांत्रिक नव्हती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.' आणि पाठवायचं बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. ब्लॉगच उघडेना. आज शनिवार आहे, पण तिसरा. म्हणजे नांदेडला लाईट गेली असणार. मशीन बंद, दही थंड, जग सोमवारपर्यंत थांबायला तयार.

मीही थांबू शकत होतो. उद्या ब्लॉगला सुट्टी आणि परवा मुदत संपलेली. लाईट गेली होती, हे कारण तर खरंच तांत्रिक होतं. इतकं निर्दोष कारण मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

मी फोन लावला. बराच वाजला. घरचा फोन, घरातच असणार.

"बोला मास्तर," साहेब म्हणाले. "लाईट नाही. वाचकांना जरा थांबायला सांगा."

"साहेब, एक हरकत आहे. तिसऱ्या कलमावर. तोंडी चालेल का?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग रजिस्टर उघडल्याचा.

"थांबा," ते म्हणाले. "पेन घेतो."